अध्यक्षांच्या दिवाणाखालचं पेट्रोल

दिवाणाखाली पेट्रोल सांडलं तेव्हा सोसायटीच्या सभेला दीड तास उरला होता, आणि सभा शरच्चंद्रांच्याच घरी होती.

शरच्चंद्र हे वारज्यातल्या त्या आठ बिऱ्हाडांच्या इमारतीचे अध्यक्ष. साम्राज्य सांभाळल्याच्या थाटात ते जिन्यात नोटिसा लावत. आजचा ठरावही त्यांच्याच सुवाच्य अक्षरात तयार होता: ज्या घरातून इंधनाचा वास येईल, त्याची पार्किंगची जागा रद्द. नावासाठी जागा कोरी होती, पण नेम खालच्या गोपाळकृष्णांवर होता. ते जुनी घड्याळं उघडून रॉकेलमध्ये धूत बसत. अर्थात अध्यक्षांना रॉकेल फारसं खुपत नव्हतं. गोपाळकृष्णांची स्कूटर सावलीत उभी राही आणि यांची उन्हात, हे खरं दुखणं.

पंपवाल्यांच्या संपाची बातमी वाचून शरच्चंद्रांनी गुपचूप पाच लिटर पेट्रोल आणलं होतं. कॅनचं झाकण हरवलेलं. नवा कॅन घेणं तत्त्वात बसेना, म्हणून तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी आणि वर रबर. सभेआधी तो कॅन आणखी आत सरकवावा म्हणून त्यांनी झाडूचा दांडा लावला आणि कॅन आडवा झाला.

"अहो, कसला वास हा?" सरोजिनीबाई स्वयंपाकघरातून आल्या.

"बघत काय उभी राहतेस? सोडा आण!"

वर्तमानपत्रांनी पेट्रोल टिपलं, भिजलेले कागद आणि कॅन गच्चीवर नेले. फरशीवर खायचा सोडा पसरला. मग लिंबं पिळली. मग व्हिनेगर. सोडा फसफसून दिवाणाच्या पायापर्यंत गेला. शेवटी अध्यक्षांनी हिंगाची डबी उपडी केली.

"झालं?" सरोजिनीबाईंनी नाकाला पदर लावला. "आता पेट्रोलची कोशिंबीर झालीय. वरून फोडणी तेवढी द्यायची राहिली."

पाचाच्या ठोक्याला सभासद आले. श्यामराव दारातच थबकले आणि हळूच स्वतःची बाही हुंगू लागले. अनंतरावांनी बोटं हुंगून हात खिशात घातले. शरच्चंद्रांच्या जिवात जीव आला. संपाची बातमी वाचून यांनीही घरात पेट्रोल दडवलं होतं तर! चोरांनाच पोलीस पाटील केल्यासारखी ती सभा, पण चेहरे सगळ्यांचे सोवळ्यातले.

"पेट्रोलचा वास येतोय," गोपाळकृष्ण बसता बसता म्हणाले.

"कुठे?" पाच-सहा जण एकदम म्हणाले.

"तुमचं नाक रॉकेलनं बिघडलंय," शरच्चंद्र म्हणाले. "मतालाच टाकू. वास येत नाही म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

एक सोडून सगळे हात वर गेले.

"मग लिहा तसं इतिवृत्तात," गोपाळकृष्ण शांतपणे म्हणाले. शरच्चंद्रांनी ते झोकात लिहून खाली सही ठोकली.

"छान. आता माझी काही हरकत नाही." गोपाळकृष्णांनी खिशातून काडेपेटी काढली.

पुढचं कुणालाच नीट आठवत नाही. एवढं मात्र खरं, की दारातून बाहेर पडणारा पहिला माणूस अध्यक्ष होता. त्यांनी श्यामरावांना कोपर मारलं, अनंतरावांच्या पायावर पाय दिला आणि अनवाणी दोन जिने उतरून थेट फाटक गाठलं. बाकीचे मागोमाग.

वर गोपाळकृष्णांनी काडेपेटी उघडून त्यातली लवंग तोंडात टाकली. सिगारेट सोडल्यापासून ते लवंगाच ठेवत.

"वहिनी, तुम्ही नाही पळालात?"

"मला कुणी हाकच मारली नाही," सरोजिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता, फार शांत. त्यांनी टेबलावरचा ठराव उचलला, कोऱ्या जागेत नवऱ्याचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली सही केली: अनुमोदक, सरोजिनी.

मग त्या गॅलरीत गेल्या. खाली अध्यक्ष धापा टाकत उभे होते.

"अहो, चपला टाकते, झेला," त्या म्हणाल्या. "आणि स्कूटर तेवढी फाटकाबाहेर काढा. ठराव पास झालाय."