चांदावर बसलेली कोंबडी

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. शेवंताबाई होत्या तोवर हिंमत झाली नाही. आता त्या नाहीत, म्हणून लिहितो.

परंड्याजवळच्या एका गावात मी मुख्याध्यापक होतो. शाळेच्याच आवारात शेवंताबाईंची अंगणवाडी. बाई कुणाच्याही लग्नाला गेल्या की जेवणाआधी उरलेल्या पत्रिका मागायच्या. "लगीन लागलं, आता काय करताव ह्यांचं?" त्या पत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर चित्रं काढायची, गव्हाच्या खळीनं पानं जोडायची, की झालं लहानग्यांचं पुस्तक. एखादं पोर ते चावायला लागलं की मी ओरडायचो. बाई खूश!

"चावलं म्हंजी आवडलं, सर. पोटात जाऊन जाऊन कणीकच जाती."

पुस्तकं चांगली की वाईट, हे त्या दातांच्या खुणांवरून ठरवायच्या.

गोष्टी पोरांच्याच. पोर बोलेल ते बाई जसंच्या तसं लिहायच्या आणि मागं नाव घालून त्याचा शाईचा अंगठा उमटवायच्या. चार वर्षांच्या रेश्मानं सांगितलेली गोष्ट अशी: "चांदाला थंडी वाजली. कोंबडी त्याच्यावर बसली. सकाळी सूर्य निघाला."

मी हसलो. "बाई, सूर्य अंड्यातून निघतो व्हय?"

"मग कशातून निघतो? तुम्ही बघितलाय?"

तालुक्याच्या प्रदर्शनात ते पुस्तक मीच नेलं. एवढ्याशा पोरीला हे सुचलं, यावर कोण विश्वास ठेवणार, अशी स्वतःची समजूत घालून तिच्या अंगठ्यावर कोरा कागद डकवला आणि त्यावर माझं नाव लिहिलं. पहिलं बक्षीस मिळालं. शाल मिळाली, पेपरात फोटो आला. बाईंनी माझा पेढा खाल्ला आणि एवढंच म्हणाल्या, "रेश्मा इचारत हुती, माझा अंगठा कुठं गेला?"

आठ दिवसांनी "बाई, माझं चुकलं" एवढं वाक्य पाठ करून मी अंगणवाडीत गेलो. बाईंनी नवं पुस्तक हातात ठेवलं. पहिल्याच पानावर पेपरातला माझा शालीतला फोटो. खाली लिहिलेलं: "सरांना लई थंडी वाजती. आता कोंबडी सरांवर बसंल." मागं रेश्माचा अंगठा.

"म्या न्हाय सुचवलं," बाई घाईनं म्हणाल्या. मग पानाचा ओला, कुरतडलेला कोपरा बोटानं सारखा करत हळूच म्हणाल्या, "बघा, चावलंय. पोरास्नी आवडलाव तुम्ही."

पाठ केलेलं वाक्य घशापर्यंत आलं.

"खळ जरा जास्त झालीय, बाई," मी म्हणालो.