शेवंताकाकीची बाटली

लग्नात बायका पर्स मिरवतात. आमच्या सौंदडची शेवंताकाकी खांद्याला पाण्याची रिकामी बाटली अडकवून येते. बाटलीच्या बुडाला तापल्या सुरीनं पाडलेलं भोक. त्यात दम्याचा पंप बसवायचा आणि पोरानं बाटलीच्या तोंडातून सावकाश श्वास ओढायचा. ही विद्या तिला आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं शिकवली. आपण गावावर काय सोडतो आहोत, याची त्या बिचारीला तेव्हा कल्पना नसावी.

पंगतीत कुणाचं दमेकरी पोर खोकलं की काकी उठलीच. पण ती धरते बापाला. "पोट्टं मांगून. पहिले तू ओढ." भर मांडवात फेटेवाला बाप नुसत्या बाटलीतून श्वास ओढतोय, व्याही टकमक बघताहेत आणि काकी दहापर्यंत मोजतेय, हे आता आमच्याकडे ठरलेलंच.

"बाप लाजला का पोट्ट्याचा जीव जाते," ती म्हणते. "दमा आहे. चोरी नाही केली."

म्हणूनच माझ्या गौरीला दमा निघाला तेव्हा मी तो सगळ्यात आधी काकीपासून लपवला. मुलीची जात, उद्या सोयरीक कोण करणार? पंप ठेवला धानाच्या कोठीत. दम लागला की गौरी कोठीचं झाकण उघडायची, धानाची धूळ नाकात जायची आणि दम आणखी वाढायचा. आम्ही नवरा-बायको म्हणायचो, औषधच लागू पडत नाही.

एका दुपारी पोरीला बोलताही येईना. बायकोनं लाज गुंडाळून ठेवली आणि काकीला हाक मारली.

"पंप कुठी आहे?"

मी कोठीकडे बोट दाखवलं. काकीनं गौरीला ताठ बसवलं, बाटलीतून पंप दिला आणि आम्हाला ऑटोत कोंबून आरोग्य केंद्रात नेलं. गौरी सावरली. घरी परतल्यावर मात्र काकी कोठीसमोर उभी राहिली.

"काऊन रे, उंदरायले दमा होता का?"

तेव्हा खाली गेलेली माझी मान अजून पुरती वर आलेली नाही. तेव्हापासून गौरी रोजचा पंप ओसरीवर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर घेते आणि अंगणात चूळ टाकते.

परवा मळणी चालली होती. हवेत नुसता भुसा. गौरी आणि मी काकीकडे डबा द्यायला गेलो, तर ती गोठ्यामागे, भिंतीकडे तोंड करून, पदराआड पंप ओढत होती. आम्हाला पाहताच तिनं तो कमरेला खोचला.

"नवी नवरी होती मी," ती भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली. "दम लागला तं सासूनं पाह्यलं. मायच्या दारी आनून सोडलं. तवापासून लोकायसमोर घेववतच नाही."

गाव म्हणायचं, हिचं नवऱ्याशी पटलं नाही. मीही म्हणायचो. भावाच्या घरी मागच्या खोलीत एकटी म्हातारी झालेली ही बाई, आणि आम्ही तिच्या बाटलीला हसत आलो. मला इतकी लाज वाटली की डबा कुठे ठेवावा तेही सुचेना.

गौरीनं काकीच्या खांद्यावरून बाटली काढली, तिचा हात धरून तिला पुढच्या ओसरीवर आणलं आणि बाटली माझ्या हातात दिली.

"पहिले बाबा ओढतीन," ती म्हणाली. "मंग तू."

रस्त्यावरून लोक जात होते. मी श्वास ओढला. काकी मोजायचं विसरली, म्हणून गौरीनंच मोजलं.