देव्हाऱ्यातले कृमी

राजेश्वरीनं बेधडक सांगून टाकलं, "कृमी मी घरी नेते. शनिवार-रविवारचाच तर प्रश्न आहे, त्यात काय होतंय?"

पुण्यातल्या तिच्या प्रयोगशाळेतलं थंड कपाट ऐन मे महिन्यात बंद पडलं होतं आणि मेकॅनिक सोमवारशिवाय यायला तयार नव्हता. त्या कपाटात होते तिचे कृमी. मातीत राहणारे, डोळ्यांना धड न दिसणारे, माणसाच्या वाटेला न जाणारे. अंड्यातला जीव आकार घेत असताना त्याच्या अंगाला बळकटी देणारं एक प्रोटीन कुठं दिसतं आणि कधी दिसतं, एवढंच तिला शोधायचं होतं. म्हणायला एवढंच, पण त्या प्रोटीनला हिरवी चमक जोडलेला वाण तयार करण्यात तिची लग्नानंतरची सगळी हौसमौज गेली होती. तिच्या मार्गदर्शक सारिका मॅडम म्हणायच्या, जीव वळवळायला लागल्यावरच ते दिसतं. ही म्हणायची, त्याच्या आधीच दिसतं आणि कातडीत दिसतं. सोमवारी मॅडमना दाखवायचं होतं. वाण गोठवून राखून ठेवायचं काम तेवढं ती रोज उद्यावर ढकलत आली होती. म्हणजे हे कृमी गेले, की सगळंच गेलं.

तर कृमी ज्यावर वाढतात त्या पिवळसर जेलीच्या तीन चपट्या डब्या उराशी धरून बाई लोकलनं कामशेतला आणि जीपनं पवनानगरला, सासरी, पोचल्या. घरात गाय व्यायली होती. सासूबाईंनी, म्हणजे शालूबाईंनी, आल्या आल्या तिला चिकाचा खरवस लावायला बसवलं. तिनं तो लावला, पातेलं माठामागच्या गारव्यात ठेवलं, माठापुढं ओल्या फडक्यात आपल्या डब्या ठेवल्या आणि जाताजाता सांगितलं, "आई, खरवस माठापाशी ठेवलाय." मग ती निवांत झोपली.

दुपारी उठून पाहते, तर माठापुढं फडकं होतं, डब्या नव्हत्या.

"आई, इथल्या डब्या कुठं गेल्या?"

"वाटल्या की. पैल्या चिकाचा खरवस शेजारी द्यावा लागतो. पर तू लय नेटका लावलास गं, डबी-डबीत, वर पट्टी मारून. समदी नाव काढत्याल तुजं."

"कुठं दिल्या? कधी दिल्या?"

"नथूभाऊ, सरुबाई, भागुबाई. आत्ता तर दिल्या. का गं, घामानं भिजलीस ती?"

ती चप्पल न घालताच पळाली. नथूभाऊ ओट्यावर बसून बोट चाटत होते. डबी चाटूनपुसून स्वच्छ.

"भाऊ, तुम्ही खाल्लं?"

"व्हय. गोड अजिबात न्हाई. पर मला शुगर हाय न्हवं, ध्यानात ठिवून केलास बग. सख्खी सून करत न्हाई एवढं."

"पोटात काही होतंय का?"

"न्हाई बा. आजून हाय का?"

त्यांना काही होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी वळणावर वळून तिनं दोनदा त्यांच्याकडं पाहिलं. सरुबाईकडं पोचली तर डबी राखेनं घासून लखलखीत केलेली. खरवस म्हणे आंबूस वासाचा, म्हणून म्हशीपुढं टाकला होता. शेजारचं भांडं रिकामं पाठवायची रीत नाही, तेव्हा डबीत शिगोशीग साखर भरून सरुबाईंनी ती तिच्या हातात ठेवली. राजेश्वरीला रडू येत होतं आणि तिला "थँक्यू मावशी" म्हणावं लागलं.

आता सगळी मदार भागुबाईंवर. त्यांनी मात्र डबी उघडलीच नव्हती. आधी देवाला! कुंकवाचं बोट लावून डबी देव्हाऱ्यात, समईला टेकून बसवली होती. आत कृमी उकडत होते.

"मावशी, ती डबी द्या ना."

"निवद दावलाय. आरती झाल्याबिगर हलवायचा न्हाई."

"मावशी, तो… कच्चा राहिलाय. देवाला कच्चा कसा चालेल?"

भागुबाई विचारात पडल्या. एवढी सवड तिला पुरली. धावत घरी गेली, खऱ्या खरवसाचं पातेलं आणलं, चांगली मोठी वडी कापून देवापुढं ठेवली आणि डबी पदराखाली घेऊन निघाली. रविवारभर ती माठाशेजारून उठली नाही. सासूबाई जो येईल त्याला सांगत होत्या, "खरवस नीट लागला न्हाई म्हून पोरीनं लयच मनाला लावून घेतलंय."

सोमवारी मॅडमनी डबी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. राजेश्वरी खिडकीबाहेर बघत उभी राहिली, कारण तिकडं बघायची तिची छाती होत नव्हती.

"झाकणावर हे लाल काय आहे?"

"खूण आहे, मॅडम."

मॅडमनी डबी फिरवून फिरवून पाहिली. मग म्हणाल्या, "वळवळ सुरू व्हायच्या आधीच दिसतंय. आणि कातडीतच. तुझंच बरोबर निघालं."

राजेश्वरीला मॅडमच्या पाया पडावंसं वाटलं.

"पण एकदा दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही," मॅडम पुढं म्हणाल्या. "आणखी दोनदा करून दाखव. सगळं या वेळी केलंस तसंच. काही म्हणजे काही बदलायचं नाही."

बाहेर येऊन तिनं आधी वाण गोठवायला ठेवला. मग सासूबाईंना फोन लावून हळूच विचारलं, "आई, आपली गाय आता परत कधी व्यायची?"