वाण घेऊन पळालेला जावई

“एकवीस किलोमीटर मंजे काय लागतंय? सोयाबीनवर फवारा मारताना दिवसाकाठी तेवढं चालणं माझं आसंच व्हतं!”

हट्टा गावच्या चौकात, चहाच्या टपरीवर, दहा-बारा माणसांच्या साक्षीनं विश्वंभरनं हे वाक्य फेकलं आणि आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला!

त्याचं काय होतं, विश्वंभरनं आजवर एखादी गोष्ट तडीला नेल्याचं गावाच्या ऐकिवात नव्हतं. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सुटलं. विहीर निम्मी खणून झाली आणि थांबली. आता तिच्यात बेडकं नांदतात. घराला रंग द्यायला काढला, तर पुढची भिंत पिस्ता कलरची झाली आणि बाकीच्या तीन अजून सिमेंटच्याच आहेत. गावानं त्याचं नावच ‘अर्धेराव’ ठेवलं होतं. त्यामुळं आखाडा बाळापूरच्या अर्ध्या मॅरेथॉनला आपण नाव दिलंय, हे त्यानं सांगितल्याबरोबर टपरी खदखदली.

“आरे, अर्धीच हाय ती! तिच्यातली बी अर्धीच करशील तू!”

हे हसणं त्याच्या जिव्हारी लागलं. त्याहून जास्त लागलं ते शिवकन्येचं न हसणं. बायको नुसती “बरं” म्हणाली. रंगाचा डबा आणला तेव्हाही ती “बरं”च म्हणाली होती!

“या बारीला पुरी केल्याबिगर घरात पाय ठेवणार न्हाई!” विश्वंभर म्हणाला.

“मंग अंथरूण संगंच घेऊन जा,” शिवकन्या म्हणाली.

पण गडी खरंच पेटला होता. चार महिने तो कोंबड्याच्या आधी उठून पळाला. कुत्री मागं लागली, तर त्यांनाच जोडीदार समजून पळाला. अंगठ्याचं नख काळं पडून गळालं, मांड्या घासून सोलवटल्या, तरी व्हॅसलीन चोपडून पळाला. साखर सोडली, तळलेलं सोडलं, तूप सोडलं.

आणि नेमका यंदाच श्रावण अधिक आला! अधिक म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, पाटावर बसवायचं, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे आणि वर तेहतीस धोंड्यांचं वाण द्यायचं. सासूबाई पार्वतीबाई महिनाभर फोन करत होत्या, “जावईबापू, कव्हा येता?” विश्वंभर कधी शेतातली निंदणी पुढं करायचा, कधी मोटार जळाली म्हणायचा. ‘मामी, माझं डायट चालू हाय’ हे काय जावयानं सासूला सांगायचं वाक्य आहे?

घोळ इतकाच होता की, शर्यतीचा रस्ता बाळापूरहून निघून बरोबर सासुरवाडीच्या वेशीवरून पुढं जायचा आणि वळून पुन्हा तिथूनच माघारी यायचा. विश्वंभरनं हिशेब केला, सकाळी सहाला निघायचं, तेवढ्या पहाटे सासुरवाडी झोपेत असेल. जन्म खेड्यात गेलेल्या माणसानं असा हिशेब करावा, म्हणजे कमालच झाली!

रविवारी शर्यत सुटली. विश्वंभर वाऱ्यासारखा निघाला. अंगात नवी बनियन, पायात नवे बूट, दोन्ही बाजूंना हिरवीगार हळद. सासुरवाडी आली, तर दुधाची किटली हातात घेऊन सासरे माणिकराव रस्त्यावरच उभे!

“आवं जावईबापू! काहून पळून राहिले? घरी समदं बरं हाय ना?”

“बरं हाय मामा! माघारी येताना भेटतो!”

माणसानं पळताना बोलू नये, ते यासाठीच! माणिकराव किटली हिंदकळवत घरी गेले आणि त्यांनी वर्दी दिली, “आगं, जावई माघारी येताना भेटतो म्हणले!” पार्वतीबाईंनी तर महिन्याचा शेवटचा रविवार म्हणून पहाटेच धोंडे करून ठेवले होते. ऑटोनं हट्ट्याला जाऊन ते जावयाच्या गळ्यात मारायचे, असा त्यांचा बेत होता. आता जावईच आपल्या पायांनी येतोय म्हटल्यावर काय विचारता!

विश्वंभर वळण घेऊन माघारी आला, तेव्हा त्याचा वारा साफ पडला होता. पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या, नव्या बुटांनी टाचा फाडलेल्या. पुढं बघतो तर वेशीवर रस्त्यातच पाट मांडलेला, भोवती रांगोळी, हातात ताट घेतलेल्या पार्वतीबाई, आणि दावं तोडून सुटलेला बैल अडवावा तसे हात पसरून उभे असलेले माणिकराव!

“मामी, शर्यत चालू हाय माझी! मागं गाडी येऊन राहिली!”

“येऊ द्या. गाडीवाल्यालाबी वाढते.”

“मामी, एकच खातो, उभ्यानंच!”

“उभ्यानं जनावरं खातेत! बसा!”

बसला. पाय धुतले, कुंकू लागलं, टोपी चढली, गळ्यात उपरणं आलं. एक धोंडा झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला नाही म्हणाला तर सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. पाच झाले! पोटात पाच धोंडे घेऊन तो उठायला गेला, तर गुडघे उठेनात. माणिकरावांनी काखेत हात घालून उभा केला आणि पार्वतीबाईंनी वाणाचं पितळी ताट त्याच्या हातात दिलं.

“मामा, हे तुमी फटफटीवर आणता का मागून?”

“आगं बया!” पार्वतीबाई दचकल्या. “वाण खाली ठेवायचं न्हाई आन् माघारी द्यायचं न्हाई! जावयानं सोताच्या हातानं न्यावं लागतंय.”

झालं! टोपी, उपरणं, चड्डी आणि हातात तेहतीस धोंडे, असं ते ध्यान पळत सुटलं. पळत कसलं, लंगडत! अजून सहा किलोमीटर राहिले होते. तेवढ्यात मागून भोंगा वाजला.

ती शेवटची पिकअप होती. थकलेल्यांना उचलायचं तिचं काम. ती ज्याच्या पुढं गेली, तो बाद! मागं हौद्यात दमलेली सात-आठ माणसं पाय पसरून बसली होती. भावसिंग ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

“बसा काका. टाइम होत आलाय. उगं तकलीफ कशाला?”

विश्वंभरनं हौद्याकडं बघितलं. बसावं, असं त्याला फार फार वाटलं. बसलं की सगळं दुखणं संपणार होतं. पण मग त्याला त्या तीन भिंती दिसल्या, बेडकांची विहीर दिसली आणि शिवकन्येचं ते कोरडं ‘बरं’ ऐकू आलं. त्याला रडू फुटलं.

“न्हाई बसत! मेलो तरी न्हाई बसत!”

भावसिंगचं लक्ष मात्र ताटाकडं होतं. “धोंडे हायेत का हे? रातीपासून चहावर हाव आमी.”

विश्वंभरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “घ्या ना! पण गाडी उभी करून खा. तूप सांडतंय.”

पिकअप थांबली. हौद्यातल्या लोकांनी उड्या मारल्या. मघाशी ज्यांना पाय उचलवत नव्हता तेही! सगळे बोटं चाटत होते तोवर विश्वंभरनं चांगला पल्ला मारला. पिकअप पुन्हा गाठायला आली.

“काका, बसता का?”

“आजून एक-एक खाता का?”

पुन्हा थांबली! मग तर हौद्यातले लोक त्याच्याच बाजूचे झाले. “पळा काका पळा! भावसिंग, हळू घे रे गाडी!” शेवटी विश्वंभरच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले, तेव्हा त्यानं ताटातला एक स्वतःच्या तोंडाला लावला, निम्मा तोडला आणि दात आवळून पळाला.

बाळापुरात कमानीची हवा सोडायला सुरुवात झाली होती. ती फुगीर कमान मान टाकत खाली येत होती आणि तिच्याखालून वाकून, ताट सांभाळत, विश्वंभर पलीकडं गेला. मागून पिकअप आली. अगदी मागून!

गळ्यात मेडल पडलं. समोर शिवकन्या उभी होती. तिनं आधी टोपी बघितली, मग बुटावर उतरलेलं टाचेचं रक्त बघितलं आणि पदर डोळ्याला लावला.

“पुरी केली तुमी,” ती म्हणाली. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण इतकं गोड वाक्य विश्वंभरनं ऐकलं नव्हतं.

मग तिनं ताट हातात घेतलं. आईच्या हातचं वाण, तिनं भक्तिभावानं एकेक मोजलं. चेहरा हळूहळू बदलला.

“सोळा... आन् हा उष्टा अर्धा. मंजे साडेसोळा?”

“ते... वाटेत जरा...”

“बराबर हाय! अर्धी शर्यत पुरी केली, आन् पुरं वाण अर्धं केलं!”

विश्वंभरनं मान खाली घातली, हात लांबवला आणि तो अर्धा धोंडा उचलून गुपचूप तोंडात टाकला. ताटात आता अर्धं असं काही राहिलं नव्हतं.

“बरं,” शिवकन्या म्हणाली. “आता घरी चला. रंगाचा डबा उघडून ठेवलाय.”