मोघेकाकांची पांढरी भिंत

कसबा पेठेतल्या आमच्या खोलीत एकच बल्ब होता, आणि तोही अधूनमधून रुसायचा. वडील मार्केट यार्डात पोती उचलायचे, आई चार घरची धुणीभांडी करायची. परीक्षा आली की सगळं घर अंधाऱ्या कोपऱ्यात सरकायचं आणि बल्ब माझा. त्या उजेडात मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर झाले. सांगण्यासारखं आहे म्हणून सांगते. पुढे शनिवार पेठेत फ्लॅट घेतला आणि शेजारचे मोघेकाका पहिल्याच भेटीत अंधाराचं कौतुक करायला लागले, तेव्हा मनात म्हटलं, या माणसाच्या घरची वीज कधी गेलेली दिसत नाही.

मोघेकाका विमा कंपनीतून निवृत्त झालेत. भर मे महिन्यात काळा रेनकोट आणि काळी हॅट घालून भाजी आणायला निघतात. कारण काय, तर जुने फ्रेंच गुन्हेपट. कृष्णधवल. "अहो, उजेड काय, ट्यूबलाइटपण पाडते. सावली पाडायला अक्कल लागते," हे त्यांचं वाक्य दूधवाल्यालाही पाठ आहे.

दर रविवारी सकाळी ते पडदे ओढून आम्हा शेजाऱ्यांना टीव्हीवर असा एखादा चित्रपट दाखवतात. आधी भाषण. "यातला नायक बोलत नाही. आपला शेवट वाईट आहे हे त्याला पहिल्यापासून ठाऊक असतं. मित्र दगा देणार, प्रेयसीचा भरवसा नाही. तरी बाहेर पडताना हा आरशात बघून हॅट सरळ करतो. याला म्हणतात शैली!" मौनाची एवढी थोरवी गाऊन झाली की चित्रपट सुरू होतो, आणि मग काका शेवटपर्यंत गप्प बसत नाहीत. "आता तो जिना चढतोय. हॅट डोळ्यांवर ओढलीय. मागच्या भिंतीवर सावली आली, पण ती दुसऱ्याच कुणाची."

"काका, दिसतंय आम्हाला," पहिल्या मजल्यावरचे देसाई वैतागायचे.

"दिसतंय ना? मग कान बंद ठेवा."

काकू मात्र टीव्हीला अगदी नाक लावून बसायच्या. नवऱ्यापासून तेवढंच लांब, असं आम्ही समजायचो.

यंदा सोसायटीच्या जिन्याला रंग द्यायचं ठरलं. मी बी.कॉम. आहे, म्हणून सेक्रेटरीपद माझ्याच गळ्यात. पांढऱ्या भिंती फार मळतात, तेव्हा बदामी रंग द्यावा, असं सगळ्यांचं मत पडलं. काका ताडकन उठले.

"पांढराच हवा! पांढरी भिंत नसेल तर माणसाला आकार कुठला? गुन्हेगार काय बदामी भिंतीपुढे उभा राहणार?"

"आपल्या जिन्यात गुन्हेगार कशाला येईल?" देसाई.

"बाहेरून कशाला यायला हवा? सभासद आहेत की."

अशा वक्तृत्वानंतर बदामी रंग मंजूर व्हायला कितीसा वेळ लागणार!

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्यानं खालून सुरुवात केली. मी काम बघायला उतरले, तर काका तळमजल्यावर. रंगाऱ्याशी हुज्जत घालून घामाघूम झालेले. कोट आणि हॅट काढून हातात धरलेली, अंगात फिकट सदरा, मागे ताजी बदामी भिंत. तेवढ्यात काकू कोथिंबिरीची जुडी घेऊन रस्त्यावरून आत आल्या.

"कोण, सुनंदा का गं?"

"हो काकू."

"आमचे हे कुठे गेले गं? मघाशी इथंच आवाज येत होता."

काका त्यांच्यापासून दोन हातांवर उभे होते. काकूंनी टोमणा मारला असं समजून मी हसले. काका हसले नाहीत. त्यांनी मुकाट्यानं कोट चढवला, हॅट घातली, आणि थोडं वर जाऊन ते अजून पांढऱ्या राहिलेल्या भिंतीपुढे उभे राहिले.

"हे काय, इथंच तर आहात!" काकूंचा चेहरा फुलला. "आणि उकाड्यात कोट कसला? लोक हसतात हो."

"हसू देत. शैली आहे."

काकू पायानं पायरी चाचपत वर गेल्या. दार लागल्याचा आवाज आल्यावर काका हळू म्हणाले, "पांढऱ्यावर काळं असेल तरच दिसतं तिला आता. सभेत काय सांगणार होतो? चारचौघांनी हात धरून चालवलेलं तिला खपायचं नाही." एवढं बोलून त्यांनी हॅट सरळ केली.

संध्याकाळी मी पुन्हा सभा बोलावली. पांढराच रंग, आणि पायऱ्यांच्या कडा काळ्या, असं मांडलं.

"का पण?" देसाई.

"सावली पाडायला अक्कल लागते," मी म्हटलं.

देसाईंनी कपाळाला हात लावला. एका वेड्याशी ते भांडले असते, दोघांपुढे त्यांनी हात टेकले.

हे काकूंना विचारून लिहिलंय. "लिही की," म्हणाल्या, "फक्त ह्यांना देऊ नकोस. मोठ्यानं वाचत बसतील."

आमचा जिना आता तळापासून गच्चीपर्यंत पांढरा आहे. पायऱ्यांच्या कडा काळ्या आहेत. काकू रोज एकट्या खाली उतरतात, कोथिंबीर घेतात आणि एकट्या वर येतात.