केरोपंतांची शंभर टक्के शिरगणती

एका जंगलात, मुलांनो, केरोपंत साळिंदर राहायचे. त्यांना मोजण्याची भारी हौस. सकाळी उठले की आधी स्वतःचे काटे मोजायचे, मगच चहा घ्यायचे.

त्या जंगलात दर थंडीत फ्लूची साथ यायची आणि म्हाताऱ्या जनावरांना धरायची. म्हणून अस्वलीण डॉक्टरीणबाई दरवर्षी डोंगरापलीकडून लस मागवून टोचायच्या. यंदा वाघीण राणीसाहेबांनी विचारलं, की शंभर म्हाताऱ्यांमागे लस घेतलेले किती? कुणालाच सांगता येईना. मोजायचं काम अर्थातच केरोपंतांकडे आलं. नियम सोपा होता. पंधरा पावसाळे पाहिले, तो म्हातारा.

केरोपंत वही घेऊन निघाले. पहिलं घर राहीबाई कासविणीचं. वय एकशे चार, लस नाही. पण म्हातारी म्हणून नाव लिहायचं म्हटल्यावर राहीबाईंनी मान आत घेतली ती घेतलीच. आतूनच त्यांनी सांगितलं, की कासवांत हे वय ऐन उमेदीचं धरतात. केरोपंतांना वाद नको होता. त्यांनी नाव खोडलं.

मग म्हातारा तरस भेटला. त्याच्या उजव्या पायात काहीतरी टोचलं होतं खरं, पण ती लस होती की बाभळीचा काटा, ते त्याला आठवेना. केरोपंतांनी लस लिहिली.

त्यांचा लंगोटीयार धोंडोबा वानर. त्याला लस हवी होती, पण सुनेदेखत म्हाताऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं नव्हतं.

"केरू, माझं वय चौदा लिही," तो म्हणाला.

"मग माझंही चौदाच लिहावं लागेल."

दोघं एकाच पावसाळ्यातले. केरोपंतांनी दोन्ही नावं खोडली. खरं सांगायचं तर त्यांना हायसंच वाटलं. अंगभर काटे घेऊन फिरणाऱ्या केरोपंतांना सुईची फार भीती होती.

असं करत वहीत नऊच म्हातारे उरले. नवांनीही लस घेतलेली. म्हणजे शंभर टक्के. दरबारात केरोपंतांना शाल मिळाली. पांघरताक्षणी तिची चाळण झाली, पण केरोपंतांची छाती फुगलेलीच होती. लस घ्यायचं कुणी राहिलंच नाही, म्हणून राणीसाहेबांनी उरलेली लस नदीपलीकडच्या जंगलाला भेट देऊन टाकली.

पंधरवड्यात साथ आली. केरोपंतांना ताप भरला. खोकल्याच्या उबळीसरशी दोन-दोन काटे गळायचे आणि ते पडल्या पडल्या तेही मोजायचे. मग कळलं, की धोंडोबाची छाती भरलीय, वर त्याच्या घरातली आणखी दोन म्हातारी अजून लसीवाचून आहेत. केरोपंत तशा तापात डॉक्टरीणबाईंकडे गेले.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "लस कुठून आणू, पंत? तुमच्या वहीप्रमाणे या जंगलात लसीवाचून राहिलेलं म्हातारं कुणी नाहीच."

धोंडोबा वाचला, पण चिंचेच्या शेंड्यावर पुन्हा चढू शकला नाही. केरोपंत भेटायला गेले, तेव्हा तो खालच्या फांदीवर बसून होता. त्याने दोष दिला नाही, उलट सरकून जागा करून दिली. केरोपंतांना तेच जास्त लागलं.

बरं वाटताच त्यांनी पुन्हा शिरगणती केली. पहिलं नाव स्वतःचं लिहिलं: वय सतरा, लस नाही. या खेपेला म्हातारे निघाले साठ. तरसाचा बाभळीचा काटा वगळून लस घेतलेले आठ. शंभरात जेमतेम तेरा.

राणीसाहेबांनी वही मिटली.

"गेल्या महिन्यात शंभर होते. एका महिन्यात तुम्ही सत्त्याऐंशी टक्के घालवलेत, केरोपंत?"

शिरगणतीचं काम पोपटाकडे गेलं. त्याने फांदीवरून न उठता शंभर सांगितले.

पुढच्या थंडीत केरोपंत आणि धोंडोबा पहाटेच दवाखान्यापाशी रांगेत उभे राहिले. केरोपंतांनी डोळे आधीच घट्ट मिटून घेतले होते. दुपार झाली तरी कुणी टोचेना. शंभर टक्के झालेल्या जंगलासाठी लस मागवायला राणीसाहेबांनी परवानगीच दिली नव्हती.

तात्पर्य: मुलांनो, मोजणाऱ्याने स्वतःला कधीही मोजू नये. आकडा तर बिघडतोच, शिवाय आपण म्हातारे झालो हेही कळतं.