हरिबाची कात्री आणि गुरुजींच्या मांड्या

उमापूरच्या हरिबा शिंप्याकडे मोहनराव गुरुजींची पँट परत आली, तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाइकं बसलेली होती. पँट परत येणं वाईटच, पण चारचौघांसमोर येणं फार वाईट. ती घेऊन आल्या होत्या गुरुजींच्या पत्नी सत्यभामाबाई, आणि त्यांना हळू बोलायची सवय नव्हती.

"हरिबा, मांडीत लई आवळती बघ. वर चढतच न्हाई."

"आन् कंबर?"

"कंबर ढिली हाय. दोन बोटं आरामात जातेत."

हरिबाने मशीनवरचा पाय काढून घेतला. अठ्ठावीस वर्षं तो गुरुजींच्या पँटी शिवत होता. माणूस जाड होतो तेव्हा आधी पोट सुटतं, बाकीचं मागून येतं, हे त्याला वहीतल्या मापांवरून पाठ झालं होतं. नुसता मांडीकडून जाड झालेला माणूस त्याने पाहिला नव्हता. तोही अडुसष्टाव्या वर्षी! आणि गुरुजींच्या मांड्या म्हणजे नुसत्या काटक्या. पँट मागून रिकाम्या पिशवीसारखी लोंबू नये म्हणून तो सीटला कापड मुद्दाम कमी धरायचा. तेव्हा कंबर ढिली आणि मांडी घट्ट याचा अर्थ एकच होता. गिऱ्हाइकात बिघाड नव्हता, कापणाऱ्यात होता.

"काकू, गुरुजींना म्हणावं, दुकानावर या, नव्यानं माप घेतो."

"माप कशाला?" सत्यभामाबाई एकदम दचकल्या. "तुझ्या वहीत हाय की! आन् त्यांना सवड कुठं? सकाळ-संध्याकाळ तास-तास पूजेला बसतेत."

कोपऱ्यात बटणं लावत बसलेला हरिबाचा मुलगा प्रविण गालात हसला आणि नुसतं "एक" म्हणाला.

हा "एक" हरिबाला फार लागला. प्रविणला शिलाई बंद करून दुकानात रेडिमेड जीन्स टांगायच्या होत्या. त्यावरून बापलेकांत सालभर धुसफूस चालू होती. शेवटी शिमग्याला भर हॉटेलात हरिबा बोलून गेला होता, "ज्या दिवशी माझ्या हातचा एकच कपडा दोनदा परत येईल, त्या दिवशी कात्री तुझ्या हवाली. मग दुकानात जीन्स टांग न्हाईतर माठ टांग!" हॉटेलात तेव्हा वीसेक माणसं होती. उमापुरात एवढी माणसं पुरे होतात.

हरिबाने पँट उसवली आणि शिलाईच्या आत होतं नव्हतं तेवढं कापड सोडून ती सैल करून पाठवली. वही काढली. मांडी एकवीस, असं त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मग त्याला टेपचा संशय आला. नवी टेप आणून दोन्ही शेजारी धरल्या, तर रेघेला रेघ जुळली. मग डोळ्यांचा संशय आला, म्हणून तो गेवराईला जाऊन डोळे तपासून आला. डॉक्टरांनी डोळे ठणठणीत असल्याचं सांगितलं, आणि हरिबाची झोपच उडाली. वही बरोबर, टेप बरोबर, डोळे बरोबर. आता डोकं तेवढं उरलं होतं.

खरं कारण होतं गुरुजींच्या मागच्या खोलीत.

सहा महिन्यांपूर्वी गुरुजींचा गुडघा इतका धरला की त्यांना ओटा चढवेना. बीडच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी पाय वाकवून पाहिला आणि म्हणाल्या, "आजोबा, गुडघा तसा बराय हो. पण त्याला धरून ठेवणारी मांडीच शिल्लक नाही. मांडी तयार करा, गुडघा आपोआप गप बसेल."

"ती कशी तयार करायची?"

"स्क्वॅट्स मारायचे," असं म्हणून मॅडमनी करून दाखवलं, आणि गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. कान तेवढे धरलेले नव्हते, बाकी त्या सरळसरळ उठाबशा होत्या.

गुरुजींनी उमापूरच्या शाळेत बत्तीस वर्षं उठाबशा काढायला लावल्या होत्या. गावचा सरपंच आप्पाराव, सोसायटीचा चेअरमन, दोन पोलीस, सगळे त्यांच्यासमोर कान धरून खालीवर झालेले. हरिबाला तर सहावीत सतराचा पाढा आला नाही म्हणून पन्नास पडल्या होत्या. गुरुजी पेपरात गुंगलेत असं समजून तो मोजताना बारावरून थेट पंधरावर गेला. पेपरामागून तेवढाच आवाज आला होता, "पुन्हा पहिल्यापासून."

अशा माणसाने आता स्वतः उठाबशा काढायच्या! गावाला कळलं असतं तर लोक घरच्या खुर्च्या घेऊन बघायला आले असते. म्हणून गुरुजी दार लावून घेत, आणि बाहेर सत्यभामाबाई "पूजा चालू हाय" म्हणून पहारा देत. गुरुजी घामाघूम होऊन बाहेर पडत. गल्लीतल्या बायका त्यांच्या भक्तीने हेलावून जात आणि प्रसाद मागत, त्यामुळे सत्यभामाबाईंना रोज साखर-फुटाण्याची सोय करून ठेवावी लागे.

पहिला महिनाभर काहीच झालं नाही. दुसऱ्या महिन्यात गुरुजी खुर्चीचा हात न धरता उठले. तिसऱ्यात मॅडमनी वजन घ्यायला सांगितलं, तेव्हा त्यांनी दहा किलो ज्वारीची पिशवी छातीशी धरायला सुरुवात केली. पाचवा लागेपर्यंत मांड्या भरल्या, मागची बाजूही भरली आणि पोट आत गेलं.

"मागून तुमी आता वळखूच येत न्हाई," सत्यभामाबाई म्हणाल्या. यात कौतुक किती आणि तक्रार किती, ते गुरुजींना कळलं नाही. घरात ते लुंगीवरच असत, म्हणून बाकी कोणाला पत्ता नव्हता. पण रविवारी शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. स्टेजच्या पायऱ्या कोणाचा हात न धरता चढायच्या, हे गुरुजींनी मनाशी पक्कं केलं होतं. त्यासाठी पँट लागणार होती, आणि पँटीसाठी टेप नको होती.

गुरुवारी पँट दुसऱ्यांदा परत आली. प्रविण या वेळी "दोन" म्हणालासुद्धा नाही. बापाचा चेहरा बघून त्यालाच कसंतरी झालं.

शनिवारी सकाळी हरिबा गुरुजींच्या घरी गेला. कात्री ठेवायचीच तर आधी गुरुजींना सांगावं, त्यांची माफी मागावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

"पूजा चालू हाय," सत्यभामाबाईंनी दारातच अडवलं.

"बसतो मी, काकू."

आतून गुरुजींचा आवाज येत होता. "अठ्ठावीस... एकोणतीस..." जपाला एवढी धाप का लागावी, असा विचार हरिबा करतोय तोच आत धप्पकन आवाज झाला, आणि पाठोपाठ "अगं, धाव गं!"

सत्यभामाबाईंच्या आधी हरिबा आत पोहोचला. गुरुजी अर्ध्या चड्डीवर होते. मेळावा जवळ आला म्हणून त्यांनी त्या दिवशी दहाच्या जागी वीस किलोचं पोतं घेतलं होतं, आणि एकोणतिसाव्याला खाली बसले ते पोतं मांडीवर घेऊन बसलेच.

"बघत काय राहिलास? पोतं उचल आधी!"

हरिबाने पोतं उचललं, पण नजर काही उचलली नाही. तीस वर्षं मापं घेणाऱ्या शिंप्याची नजर ती. "साडेतेवीस," तो पुटपुटला. मग त्याचा आवाज चढला. "गुरुजी, साडेतेवीस! म्हंजे माझं कापणं बरोबर हाय! मी चुकलो न्हाई!" आणि हा पन्नाशी ओलांडलेला माणूस ज्वारीच्या पोत्यावर बसून रडायला लागला. आनंदानेच, पण रडला.

गुरुजींनी लुंगी गुंडाळली, त्याला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "हरिबा, हे या खोलीबाहेर जाता कामा नये."

"न्हाई जाणार, गुरुजी. शबूद हाय माझा."

आपण काय कबूल करून बसलो, ते त्याला घरी येताना निम्म्या वाटेत कळलं. आपण चुकलो नाही हे आता त्याला ठाऊक होतं, पण सांगायची सोय नव्हती. दुकानात येऊन त्याने नवं कापड काढलं, संध्याकाळपर्यंत पँट शिवली आणि कात्री प्रविणसमोर ठेवली. "घे. शबूद म्हंजे शबूद."

"अण्णा, मी काय आजच मागितली का?" प्रविण म्हणाला. पण हरिबा तोवर मशीनवर कापड झाकत होता.

रविवारी गुरुजी कोणाचा हात न धरता स्टेजच्या पाच पायऱ्या चढले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल झाली, नारळ झाला, आणि सरपंच आप्पाराव माइकवर आले.

"मंडळी, एक वाईट बातमी हाय. आपल्या हरिबानं कात्री ठेवली! नजर गेली बिचाऱ्याची. गुरुजींची पँट दोनदा परत आली ओ! गुरुजी, आता शिक्षा तुमीच सांगा. पन्नास उठाबशा!"

मंडप खदखदून हसला. तिसऱ्या रांगेतला हरिबा मुकाट्याने उभा राहिला आणि त्याने दोन्ही कान धरले.

स्टेजवरून गुरुजींनी ते पाहिलं. बत्तीस वर्षांत त्यांनी पुष्कळांना शिक्षा केली होती, पण चूक नसलेल्याला कधी केली नव्हती, निदान त्यांची तशी समजूत होती. ते उठले. नारळ आप्पारावांच्या हातात दिला, वर शाल ठेवली आणि माइक ओढून घेतला.

"हरिबा, खाली बस. तू चुकलेला नाहीस. माझ्या मांड्या वाढल्यात. सहा महिने मी दार लावून उठाबशा काढतोय. पूजाबिजा काही नाही. ज्यांनी प्रसाद खाल्ला त्यांनी माफ करावं."

आप्पाराव नारळ धरून तसेच उभे राहिले.

"खोटं वाटतंय? मोजा," असं म्हणून गुरुजींनी स्टेजच्या मधोमध उठाबशा काढायला सुरुवात केली. पहिल्या रांगेतून सत्यभामाबाई ओरडल्या, "अहो, टाचा टेकवा!" गुरुजी मोठ्याने मोजत होते. नऊ, दहा, अकरा, बारा. उन्हाने मंडप तापला होता. गुरुजींनी एक दम घेतला, चष्मा वर सरकवला आणि पुढचा आकडा उच्चारला.

"पंधरा."

तिसऱ्या रांगेतून शांत आवाज आला, "गुरुजी, पुन्हा पहिल्यापासून."

गुरुजींनी चष्म्यावरून हरिबाकडे पाहिलं. मग निमूटपणे खाली बसून उठले आणि म्हणाले, "एक."

"दोन!" अख्खा मंडप ओरडला, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज प्रविणचा होता. हरिबाचं मात्र मोजण्याकडे लक्ष नव्हतं. तो गुरुजींच्या पँटीची मागची शिलाई बघत होता, आणि ती जागची तसूभर हलत नव्हती.